'अनवॉरंटेड' म्हणजे नेमकं काय, आणि त्यात वॉरंट कुठून आलं?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे, थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. त्याच्या मामांना शेजारच्या शेतकऱ्याकडून रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली, सगळी इंग्लिशमध्ये. मामा शेजाऱ्याच्या शेतातल्या गाडीवाटेने आपल्या शेतावर बैलगाडी नेतात, त्यावरून. त्यात 'युवर अनवॉरंटेड इंटरफेरन्स' असं लिहिलंय, मामांनी त्यातला वॉरंट एवढाच शब्द ओळखला आणि दोन दिवस झाले धड जेवले नाहीत. मोबाईलवर बघितलं तर एकदा 'अवांछित' येतंय, एकदा 'अनावश्यक', एकदा 'अनुचित'. मग खरा अर्थ कुठला आणि हा शब्द वापरतात कुठे, असं विचारलंय.

आधी मामांना सांग, वॉरंट निघालेलं नाही. वॉरंट कोर्ट काढतं, वकील काढत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्या पार्टीचं म्हणणं वकिलाच्या लेटरहेडवर, त्यात कितीही जड इंग्लिश असलं तरी ते अजून म्हणणंच आहे, कोर्टाचा हुकूम नाही. पोलीस येणार नाहीत. पोटभर जेवू देत, मग पुढचं वाचू देत.

मी बेळगावात कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते, बावीस वर्षं झाली. आमच्या भागात हे काम कधी कमी पडत नाही, कारण १९५६ च्या आधी आपण मुंबई राज्यात, त्यामुळे आजोबा-पणजोबांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्यूपत्रं सगळी मराठीत, काही तर मोडीत, आणि आता कोर्टाचं काम कानडीत नाहीतर इंग्लिशमध्ये. एकाच घराच्या फाईलीत तीन भाषा असतात. त्यातला हा 'अनवॉरंटेड' शब्द माझ्या टेबलावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच, आणि तो चुकीचा लावला तर काय होतं ते मी स्वतः बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्थ एका प्रश्नात धरता येतो. आपण मराठीत चिडून विचारतो ना, 'काय म्हणून?' काय म्हणून माझ्या दारात गाडी लावलीस, काय म्हणून माझ्या पोराला बोललास, काय म्हणून एवढे पैसे घेतलेस. ह्या 'काय म्हणून'ला ज्याच्याकडे उत्तर नाही ती गोष्ट अनवॉरंटेड. उत्तर दोन प्रकारचं असू शकतं, एकतर 'मला तसा अधिकार आहे' किंवा 'परिस्थितीच तशी होती, कारण होतं'. दोन्हीपैकी एकही नसेल, म्हणजे मागे उभं राहणारं काहीच नसेल, तर तो शब्द लागतो. बाकी सगळं, अनुचित काय, अवांछित काय, त्याच्या आजूबाजूचं आहे, तो अर्थ नव्हे.

आता वॉरंट कुठून आलं. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, इंग्लंडात नॉर्मन लोकांनी १०६६ साली राज्य घेतलं त्यांच्याबरोबर गेलेला, आणि त्याचा पहिला अर्थ पकडून नेण्याचा कागद असा नव्हताच. अर्थ होता पाठीराखा, जामीन राहणारा, सांभाळणारा. फ्रेंचच्या एका बोलीत तो 'व' ने सुरू व्हायचा आणि दुसरीत 'ग' ने, त्यामुळे इंग्लिशमध्ये एकाच घरातले शब्द दोन-दोनदा आले, वॉर्ड आणि गार्ड, तसंच वॉरंटी आणि गॅरंटी. आमच्याकडे २०२३ पासून गॅरंटी म्हटलं की बायकांना गृहलक्ष्मीचे २००० रुपये आठवतात, तोच शब्द, मागे कोणीतरी उभं आहे, शब्द दिलाय. वॉरंट त्याचाच भाऊ.

बेळगावात तर हे समजायला सोपं जायला पाहिजे कारण प्रत्येक गल्लीत एखादा फौजी आहे. सुट्टीवर येताना फौजी लोक रेल्वे वॉरंटवर येतात, खिशातून तिकिटाचे पैसे न देता, कारण त्या कागदामागे सरकार उभं असतं. सांबऱ्याला एअरफोर्स स्टेशनात वॉरंट ऑफिसर असतात, ज्यांची नेमणूक कमिशनने नाही तर वॉरंटने होते, म्हणजे त्यांच्या अधिकारामागचा कागद तो. पकड वॉरंट पण तसंच, पोलिसाच्या हातातल्या त्या कागदामागे कोर्ट उभं असतं. सगळीकडे अर्थ एकच, ह्याच्या पाठीशी कोण किंवा काय आहे. आणि 'अन' लागला की पाठीशी कुणीच नाही, काहीच नाही.

माझी पहिली मोठी चूक ह्याच शब्दावर झाली. कामाला लागून दुसरंच वर्ष असेल, एका पक्षकारासाठी इंग्लिश नोटिशीचं मराठी करून द्यायचं होतं, त्यात होतं 'अनवॉरंटेड एंट्री', शेतात शिरण्याबद्दल. मी लिहिलं 'अनावश्यक प्रवेश'. डिक्शनरीत तसं सापडलं होतं आणि वाचायला बरं पण वाटलं. ज्या सीनियर वकिलांकडे मी बसायचे त्यांनी कागद वाचला, खिशातली पेन्सिल काढली, 'अनावश्यक' भोवती गोल केला आणि म्हणाले, "हे काय लिहिलंयस गं? अनावश्यक प्रवेश? म्हणजे आवश्यक तेवढा प्रवेश चालला असता की?" मला पटकन कळलंच नाही. मग त्यांनी समासात पेन्सिलीनेच लिहिलं, 'काय म्हणून शिरला?' आणि म्हणाले, "हे म्हणायचंय त्याला. गरज होती की नव्हती हे नाही विचारत तो, हक्क काय होता ते विचारतोय." तो कागद मी परत टाईप केला, 'कोणताही हक्क नसताना केलेला प्रवेश' असं लिहिलं, तीन शब्द जास्त गेले, पण बरोबर गेले. तेव्हापासून शब्दाला एक शब्दच पाहिजे हा हट्ट मी सोडला.

अनावश्यक आणि अनवॉरंटेड ह्यातला फरक तिथेच आहे. गरज नसलेली गोष्ट पण हक्काची असू शकते. माझ्या घरात मी दिवसा लाईट लावून ठेवली तर ती अनावश्यक, पण मला कोणी 'काय म्हणून' विचारू शकत नाही, बिल मी भरते. उलटं पण होतं, गरज असलेली गोष्ट हक्काशिवाय केली जाते. शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी मला गरजेचं असेल, म्हणून मोटर टाकायचा हक्क येत नाही.

'अवांछित' तर सरळ दुसराच शब्द आहे. तो 'अनवाँटेड'चा अर्थ, नको असलेला. स्पेलिंग जवळजवळ असल्यामुळे डोळा फसतो, मधला 'र' गळतो आणि झालं. सासूबाईंनी दिलेला सल्ला सुनेला नको असेल, तो अनवाँटेड, पण सल्ला बरोबर असेल आणि सासूबाईंना बोलायचा अधिकार असेल तर तो अनवॉरंटेड नाही. शाळेत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, ही जोडी मुलांकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या, अन-वाँ-टेड, अन-वॉ-रन्-टेड, जोर 'वॉ' वर, म्हणजे पुढे आयुष्यभर गोंधळ नाही.

मराठीतून इंग्लिशकडे जाताना पण ह्या शब्दाने मला एक गोष्ट शिकवली. नंदगडच्या बाजूची एक आजी होती, सत्तरी पार केलेली, भावाच्या घरच्यांशी वाद, आईच्या पेटीतले डाग, म्हणजे दागिने, हिनेच नेले असं भावजय गावभर सांगत होती. आजीचं अ‍ॅफिडेव्हिट करायचं होतं. तिने तोंडी सांगितलं, "माझ्यावर नाहक आळ घेतला." मी टाईप केलं 'फॉल्स अ‍ॅलिगेशन'. सही करायच्या आधी मजकूर त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, तसा मी वाचला, 'माझ्यावर खोटा आळ घेतला'. आजीने चष्मा काढून हातात घेतला आणि मला थांबवलं. म्हणाली, "खोटा नको लिहूस बाई. किल्ली माझ्याजवळ होती, ते खरं हाय. त्यांना संशय आला आसंल. पर मला इचारलं न्हाई, पेटी उघडून बघितली न्हाई, सरळ गावभर केलं. नाहक केलं. तेवढंच लिही."

मी बॅकस्पेस दाबून 'फॉल्स' खोडलं आणि तिथे 'अनवॉरंटेड' घातलं. त्या एका शब्दाने अ‍ॅफिडेव्हिट जास्त खरं झालं. 'खोटा' म्हटलं असतं तर तो खोटाच आहे हे दाखवायची जबाबदारी आजीने अंगावर घेतली असती, डाग कुठे गेले ते तिला तरी कुठे माहीत होतं. 'नाहक' म्हणताना ती एवढंच सांगत होती की बोलायला तुमच्याकडे आधार नव्हता. आणि शब्दाची फोड बघा, ना अधिक हक, फारसीतून आलेला, हक्क नसताना. इंग्रजांनी फ्रेंचमधून घेतलेल्या शब्दाला आपण फारसीतून घेतलेला शब्द इतका चपखल बसतो की मला अजून त्याचं अप्रूप वाटतं. 'हकनाक' पण त्याच घरचा, पण मराठीत तो बहुतेक जीव जाण्याशी जोडला गेलाय, हकनाक बळी गेला, म्हणून नोटिशीत तो वापरू नये.

पण 'नाहक' सगळीकडे चालत नाही, आणि इथे बहुतेक लोक अडकतात कारण त्यांना एक इंग्लिश शब्दाला एक मराठी शब्द पाहिजे असतो. मराठीत हा अर्थ नामाप्रमाणे बदलतो. भीतीला 'अनाठायी' लागतो, तुमची भीती अनाठायी आहे, हे इतकं मुरलेलं मराठी आहे की दुसरा शब्द तिथे खुपतो. ठाय म्हणजे ठिकाण, ठायी ठायी म्हणतो तोच, म्हणजे जागच्या जागी नसलेली भीती. खर्चाला पण 'अनाठायी', आशावादाला पण. टीकेला 'नाहक' किंवा 'अनाठायी' दोन्ही. दरवाढीला, भाड्याला, व्याजाला 'अवाजवी', कारण तिथे हिशेब आहे आणि वाजवी म्हणजे किती ते ठरवता येतं, मूळ अरबी वाजिब. निष्कर्षाला 'निराधार' किंवा चक्क 'बिनबुडाचा'. ढवळाढवळीला बोलताना 'नसती' पुरतं, नसती ढवळाढवळ, पण कागदावर 'अधिकार नसताना केलेला हस्तक्षेप' असं पूर्ण लिहावं. बदनामीला तोंडी 'फुकटची'. अटकेला 'विनाकारण'. आणि घरात पोरांना रागावताना आपण 'उगीच' म्हणतो, 'उगीच कशाला मारलंस तिला', तो 'उगीच' पण हाच अर्थ आहे, फक्त तो कागदावर चालत नाही.

कानडीत ह्याच्यासाठी एक फार गोड जोडशब्द आहे, 'सुम्म सुम्मने', म्हणजे काही कारण नसताना, उगीचच्या उगीच. शेजारी कानडी बोलणारे असले की तो आपल्या पण तोंडात बसतो, आमच्या गल्लीत मराठी घरातली पोरं पण 'सुमसुमने कशाला चिडूलास' म्हणताना मी ऐकलीत. कागदावर मात्र मला सगळ्यात उपयोगी पडलेला शब्द 'विनाकारण' आहे, कारण तो कानडीत पण तसाच आहे, तोच उच्चार, तोच अर्थ. एकाच मजकुराचं मराठी आणि कानडी दोन्ही करायचं असेल आणि वेळ कमी असेल तर 'विनाकारण' दोन्हीकडे न अडखळता जातो. फक्त अधिकाराचा मुद्दा असेल तिथे तो कमी पडतो, कारण 'कारण नव्हतं' आणि 'हक्क नव्हता' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जमिनीच्या भांडणात सगळं वजन दुसरीवर असतं.

इंग्लिशमध्ये ह्याचे भाऊबंद बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही, जे लोक चुकतात तेवढे सांगते. 'अनफाउंडेड' म्हणजे पायाच नसलेलं, तो बातमीला, अफवेला, संशयाला लागतो. अफवा अनफाउंडेड असते, अनवॉरंटेड अफवा असं कोणी लिहीत नाही, पण त्या अफवेवर विश्वास ठेवून कोणाची नोकरी घालवली तर ती कारवाई अनवॉरंटेड. म्हणजे एक माहितीला आणि दुसरा बहुतेक कृतीला, शेऱ्याला, अंदाजाला. 'अनड्यू' मध्ये प्रमाणाचा मुद्दा आहे, जेवढं योग्य त्याच्यापेक्षा जास्त, अनड्यू डिले म्हणजे अवाजवी उशीर, थोडा उशीर समजू शकतो पण एवढा नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम १६ ला 'अनड्यू इन्फ्लुअन्स' आहे, म्हाताऱ्या माणसाला त्याच्यावर वजन असलेल्या माणसाने दबावाखाली घेऊन सही घेतली तर तो, आणि तिथे 'अनवॉरंटेड' लिहून चालत नाही कारण तो कायद्याचा ठरलेला शब्द आहे. तसंच 'राँगफुल'. रस्त्यात अडवून ठेवणं, कोंडून ठेवणं ह्याला फौजदारी कायद्यात तोच शब्द आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम १२६ आणि १२७, आधी पिनल कोडात ३३९ आणि ३४० होतं. 'अनफेअर'ला आपल्याकडे सरकारी मराठीत 'अनुचित' ठरलाय, अनुचित व्यापार प्रथा वगैरे, म्हणून तुझ्या मोबाईलने 'अनुचित' दाखवलं ते मला पटत नाही, तो शब्द आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे.

'अनजस्टिफाइड' सगळ्यात जवळचा, इतका जवळचा की बऱ्याच वेळा एकाच्या जागी दुसरा घातला तरी बिघडत नाही. मला जाणवणारा फरक एवढाच, अनजस्टिफाइडमध्ये कारण दिलेलं असतं पण पुरेसं नसतं, अनवॉरंटेडमध्ये कारण शोधायला गेलं तर मिळतच नाही.

'ग्रॅच्युइटस' हा मात्र सांभाळून. सिनेमातली उगीचची मारामारी ग्रॅच्युइटस म्हणतात, तिथे 'फुकटची' म्हटलं की अगदी बसतं कारण मूळ लॅटिन अर्थ पण फुकट असाच आहे. पण करार कायद्यात तोच शब्द चांगल्या अर्थाने येतो, मोबदला न घेता केलेलं. कलम ७० मध्ये म्हटलंय की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, फुकट करायचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. तिथे कोणी 'विनाकारण' लिहिलं तर सगळा अर्थच उलटा. एका कागदात मला तसं लिहिलेलं सापडलं होतं, सुदैवाने वेळेत.

आता वॉरंटचा खरा गोंधळ. 'वॉरंटलेस' आणि 'अनवॉरंटेड' हे दोन वेगळे शब्द आहेत. वॉरंटलेस म्हणजे हातात वॉरंटचा कागद नसताना केलेलं, बस एवढंच. त्यात बरोबर-चूक काही नाही. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, १९७३ च्या फौजदारी संहितेत तसं होतं आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी जी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्यात पण आहे. म्हणजे अटक वॉरंटलेस असून योग्य असू शकते. आणि उलटं, अटक करायचा अधिकार आहे पण करायचं कारणच नव्हतं, माणूस पळून जाणार नव्हता, पुरावा बिघडवणार नव्हता, बोलावल्यावर येत होता, तरी उचलला, ती अटक अनवॉरंटेड. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्णेश कुमारच्या केसमध्ये हेच सांगितलं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अधिकार आहे म्हणून सरसकट अटक करायची नाही, गरज काय होती ते पोलिसांनी लिहून दाखवायचं. अधिकार आणि कारण ह्या दोन वेगळ्या गोष्टी कशा, ते ह्या निकालाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही. वर्तमानपत्रात 'वॉरंटलेस अरेस्ट'चं 'अन्याय्य अटक' केलेलं वाचलं की मला त्रास होतो, कारण वाचणारा माणूस पोलिसांनी काहीतरी गैर केलं असं धरून बसतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक, 'को वॉरंटो' हा रिट तुम्ही पाठ केलेला असतो, मराठी पुस्तकात 'अधिकारपृच्छा'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोणत्या अधिकाराने?' असा आहे. सरकारी पदावर बसलेल्या माणसाला कोर्ट विचारतं, ह्या खुर्चीवर काय म्हणून बसलास ते दाखव. राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ मध्ये तो आहे, आपल्या भागातला माणूस त्यासाठी हायकोर्टाच्या धारवाड बेंचला जातो. तो 'वॉरंटो' आणि अनवॉरंटेडमधला 'वॉरंट' एकच. पाठ करण्यापेक्षा हे समजून घेतलं तर दोन्ही शब्द एकदम लक्षात राहतात.

वापरायचा कसा, हे पण विचारलंय. तो नामाच्या आधी येतो, अनवॉरंटेड क्रिटिसिझम, किंवा मागे येतो, द क्रिटिसिझम वॉज अनवॉरंटेड. माणसाला लागत नाही, अनवॉरंटेड मॅन असं काही नसतं, माणसाच्या वागण्याला, बोलण्याला, भीतीला, अंदाजाला लागतो. 'व्हेरी' सहसा लावत नाहीत, 'होली' (wholly, पूर्णपणे) किंवा 'टोटली' लावतात, कारण आधार एकतर आहे किंवा नाही. मित्रांच्या गप्पांत हा शब्द जड वाटतो, तिथे 'अनकॉल्ड फॉर' म्हणतात, ज्याची कुणी मागणी केली नव्हती ते, म्हणजे आपलं 'तुला कुणी विचारलं होतं?' त्यात रीतभाताचा मुद्दा जास्त, अधिकाराचा कमी. आणि ऑफिसच्या मेलमध्ये सीनियरला 'युवर रिमार्क्स वेअर अनवॉरंटेड' लिहायच्या आधी दोनदा विचार करा. हा शब्द लिहिला की पुढचा माणूस आधार काढून दाखवायला लागतो, आणि त्याने दाखवला तर तुमचा मेल उघडा पडतो. बेंगळुरूच्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भाच्याने लिहून आणलेल्या मेलमधून मी हा शब्द काढायला लावला होता आणि त्याजागी कुठला शेरा कुठल्या तारखेच्या कामाला लागू होत नाही ते साध्या वाक्यात लिहायला सांगितलं.

कोर्टाच्या निकालात तो उलट्या रूपात पण येतो, 'नॉट एन्टायरली अनवॉरंटेड'. दोन नकार बघून लोक घाबरतात, पण मराठीत ते अगदी आपलं आहे, 'भीती अगदीच अनाठायी नव्हती'. म्हणजे थोडा आधार होता, पूर्ण होता असं कोर्ट म्हणत नाही. आणि अपिलाच्या निकालात शेवटी 'नो इंटरफेरन्स इज वॉरंटेड' असलं तर खालच्या कोर्टाचा निकाल तसाच राहिला, हात घालायला कारण नाही. हे वाक्य मी कितीतरी लोकांना कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या समजावून सांगितलंय, 'वॉरंट' आणि 'इंटरफेरन्स' एकाच वाक्यात बघून जिंकलेला माणूस रडकुंडीला आलेला असतो.

आता मामांच्या नोटिशीकडे. 'युवर अनवॉरंटेड इंटरफेरन्स विथ माय क्लायंट्स पीसफुल पझेशन' म्हणजे 'माझ्या पक्षकाराच्या शांततेच्या कब्जा-वहिवाटीला तुम्ही कोणताही हक्क नसताना आणत असलेला अडथळा'. असं मराठी करून मामांना वाचून दाखव. वाचलं की त्यांच्या लक्षात येईल की सगळं भांडण 'हक्क नसताना' ह्या दोन शब्दांत आहे. गाडी जाते हे मामा नाकारत नाहीत, शेजारी पण नाकारत नाही. गाडी काय म्हणून जाते, एवढाच प्रश्न.

आणि त्याचं उत्तर मामांकडे असू शकतं. १८८२ चा ईझमेंट कायदा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून जायची वाट २० वर्षं शांतपणे, उघडपणे, मधे खंड न पडता आणि 'अ‍ॅज ऑफ राइट' वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. हे 'अ‍ॅज ऑफ राइट' म्हणजे 'हक्काने'. नोटीस म्हणते नाहक, कायदा विचारतो हक्काने का, बरोबर समोरासमोरचे शब्द. म्हणून वकिलांना भेटायच्या आधी मामांनी शांत बसून आठवावं, भाताची गाडी ह्या वाटेने किती सुग्या गेली, आजोबांच्या काळात जायची का, मधे कधी कोणी काटे टाकून अडवली होती का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधी शेजाऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीने जात होते का. कारण परवानगीने जाणं हे हक्काने जाणं नव्हे. आपली माणसं चांगुलपणाने सांगून बसतात, 'त्यांच्या मर्जीनेच जात होतो की ओ', तसं नसताना पण, फक्त भांडण वाढू नये म्हणून, आणि तेवढ्या एका वाक्याने वीस वर्षं पुसली जातात. जे खरं आहे तेच सांगायचं, पण 'मर्जीने' आणि 'हक्काने' हे शब्द तोलून सांगायचे.

उत्तर वकिलांनीच लिहायचं, तू घरी बसून इंग्लिशमध्ये लिहू नकोस. त्यात 'युवर नोटीस इज मिसकन्सीव्ह्ड अँड अनवॉरंटेड', म्हणजे तुमची नोटीस गैरसमजातून आणि नाहक दिलेली आहे, असं येईल, ते वाचून दचकू नका, तुमची बाजू तेच म्हणणार. नोटिशीत किती दिवसांत उत्तर मागितलंय ते बघा आणि त्याच्या आत जा. दोन्ही शेतांचे आरटीसी उतारे, म्हणजे महाराष्ट्रात सातबारा म्हणतात तसले, काढून घ्या, जुनी वाटणीपत्रं असतील तर त्यात गाडीवाटेचा उल्लेख शोधा, मराठीत असतील तरी चालतील, मोडीत असतील तर आधी वाचून घ्यायला पाहिजेत, चतुःसीमा लिहिलेल्या ओळीत 'वाट' किंवा 'गाडी रस्ता' असं काही सापडतं का बघा. आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट टाकू नका, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.